कल्याणच्या लोहाराची वाट
मोबाइलला वाटाड्या करून पाहिलेली कान्हेरी

कान्हेरीची लेणी मुंबईकरांना नवी नाहीत. बोरिवली स्टेशनला उतरायचे, पूर्वेकडे चालत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा दरवाजा गाठायचा आणि तिथून आत सहा-सात किलोमीटर जायचे. शाळेची सहल असो की मंडळाची, झाडाखाली डबे सोडायचे, मोठ्या मूर्तीजवळ फोटो काढायचे आणि उन्हे उतरायच्या आत परत फिरायचे. घरी आल्यावर कोणी विचारले, "काय पाहिलंत?" तर उत्तर ठरलेले असते, "मोठी मूर्ती पाहिली, माकडं पाहिली." यात पाहणाऱ्याचा दोष नाही. दगड आपण होऊन बोलत नाही. त्याला बोलता करणारा जाणकार माणूस पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही. आणि त्यावरची पुस्तके इंग्रजीत, मोठ्या ग्रंथालयांच्या कपाटांत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या सतरा माणसांनी ठरवले, की या खेपेला वाटाड्याचे काम मोबाइलला द्यायचे. घरोघरी मुले दिवसभर त्या फोनमध्ये डोके घालून बसलेली असतात, म्हणून आयाबापांची रोजची कुरकुर असते. तोच फोन मुलांना घराबाहेर काढून जागेवर नेऊन शिकवू शकतो का, हे आम्हाला पाहायचे होते. जे दिसले ते इथे सांगत आहोत, म्हणजे आपल्यालाही आपल्या कुटुंबासह ते करून पाहता येईल.

घरची तयारी

सतरा माणसांत स्मार्टफोन तीन. म्हणून शनिवारी संध्याकाळी विहारात बसून कामे वाटून घेतली. एकाने नकाशा सांभाळायचा, एकाने फोटो काढायचे, एकाने मोजमाप करायचे आणि एकाने साध्या वहीत सारे लिहून काढायचे. दर तासाला कामे बदलायची. आमच्यातल्या शिक्षिका ताईंनी एक नियम घालून दिला. फोन भावाच्या खिशात आणि बहीण मागून चालते आहे, असे चालायचे नाही. मुलींच्याही हाती फोन तेवढाच वेळ राहील. हा नियम वाटतो तेवढा लहान नाही, कारण पुष्कळ घरांत एकच फोन असतो आणि मुलीची पाळी शेवटी येते.

लेण्यांच्या डोंगरात नेटवर्क कधी मिळते, कधी मिळत नाही. म्हणून त्या भागाचा नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घेतला. ब्राह्मी अक्षरांचा तक्ता उतरवला. हाइनरिश ल्यूडर्स या जर्मन पंडितांची ब्राह्मी शिलालेखांची यादी १९१२ साली प्रसिद्ध झाली. ती इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते. तिच्यातली कान्हेरीची पाने ताईंनी फोनमध्ये घेतली आणि इंग्रजीतून मराठीत टिपणे काढली. पूर्वी ज्या पानांसाठी ग्रंथालयाचे सभासद व्हावे लागले असते, ती पाने आमच्याबरोबर लोकलने बोरिवलीला आली.

ठिपका कुठून येतो?

उद्यानाच्या दरवाजात मुलांनी नकाशा उघडला. रस्त्यावर निळा ठिपका दिसू लागला. आम्ही चालू लागलो, तोही चालू लागला. "याला कसं कळतं आपण कुठे आहोत ते?" एका मुलीने विचारले.

त्याचे उत्तर असे आहे. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सतत सांगत असतो. तो संदेश फोनपर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून तो उपग्रह किती लांब आहे हे फोन काढतो. असे निदान चार उपग्रह मिळाले की आपली जागा पक्की होते. रेडिओ जसा नुसता ऐकतो, तसा फोन इथे नुसता ऐकतो. म्हणून जागा समजायला रिचार्ज लागत नाही. रिचार्ज लागतो तो नकाशाचे चित्र मागवायला, आणि ते तर आम्ही घरूनच आणले होते. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सामान्यांसाठी ही माहिती मुद्दाम धूसर करून सोडत असे. तेव्हापासून ती सर्वांना खुली झाली. आज मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन पाच-एक मीटरच्या आत जागा दाखवतो.

पण आकाश मोकळे हवे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे मोठ्या चैत्यगृहात, आम्ही आत शिरलो आणि ठिपका भरकटला. आम्ही स्तूपासमोर उभे, आणि फोनमध्ये आम्ही दरीत. मुले हसू लागली, "आपण पडलो, आपण पडलो!" तिथेच सर्वांना एक गोष्ट समजली. फोन दारापर्यंत आणून सोडतो. आत आपले डोळे आणि आपली बोटे.

दगडावरचा मजकूर

चैत्यगृह सुमारे ८६ फूट लांब आणि ४० फूट रुंद आहे. मुलांनी खांब मोजले. चौतीस भरले. टिपणातही चौतीसच होते. एवढ्या जुळणीनेसुद्धा मुलांच्या चेहऱ्यावर तेज आले, कारण पुस्तकातला आकडा त्यांनी स्वतः तपासला होता. ओसरीच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या सुमारे तेवीस फूट उंचीच्या मूर्ती आहेत. त्या चैत्यगृहाच्या नंतरच्या काळातल्या. चैत्यगृहाचे काम सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याच्या वेळचे, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे, आणि ते करवणारे गजसेन आणि गजमित्र हे दोघे व्यापारी भाऊ. हे सारे तिथल्या लेखातच कोरलेले आहे.

लेख वाचायची एक युक्ती आहे. अक्षरांवर समोरून उजेड टाकला तर सगळा दगड सपाट दिसतो. फोनची बॅटरी भिंतीला लागून, बाजूने तिरपी धरली, की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. मग फोटो काढायचा आणि दोन बोटांनी मोठा करून पाहायचा. लेखावर पाणी, खडू, पीठ काही लावायचे नाही. त्याने दगड खराब होतो.

अशोकाच्या काळातल्या ब्राह्मीत 'क' म्हणजे बेरजेची खूण, 'ठ' म्हणजे वर्तुळ, 'र' म्हणजे उभी रेघ. कान्हेरीच्या लेखांपर्यंत अक्षरांना थोडे बाक आले, शेपट्या आल्या, तरी ओळख पटते. एका विहाराच्या ओसरीत सातवीतल्या मुलाने तक्त्याशी ताडून दोन अक्षरे लावली, 'ले' आणि 'ण'. "लेण! बाई, हे तर मराठीच आहे!" तो ओरडला. भाषा मराठी नव्हे, प्राकृत. पण शब्द तोच, जो आपण आजही तोंडी आणतो. जवळच 'पोढी' हा शब्द होता. पोढी म्हणजे दगडात खोदलेले पाण्याचे टाके. या डोंगराचे त्या काळचे नाव 'कण्हसेल', म्हणजे काळा डोंगर. त्यावरूनच पुढे कान्हेरी.

कल्याण किती लांब?

दुपारी डबे उघडले, तेव्हा ताईंनी टिपणे वाचून दाखवली. कोणी काय दान दिले याचे ते लेख. आमची समजूत अशी, की एवढी लेणी राजांनीच कोरवली असणार. राजाचे नाव कुठे कुठे येते, ते बहुधा काळ सांगायला. देणारे दिसतात ते व्यापारी, कारागीर, भिक्षू, भिक्षुणी, घरच्या बायका. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दिली. आणि कल्याणच्याच नद नावाच्या 'कमारा'ने, म्हणजे लोहाराने, एक वाट दिली. मूर्ती नाही, सभागृह नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला चालायला वाट.

आमच्याबरोबर कल्याणच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले आजोबा होते. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या गावचा लोहार इथवर आला होता." थोड्या वेळाने ते उठले आणि जवळच्या भिंतीवर हात फिरवू लागले. मुलांना बोलावून छिन्नीचे घाव दाखवले. घाव कोणत्या अंगाने पडला, कारागिराने हात कुठे बदलला, छिन्नी बोथट झाली की खूण कशी पडते, हे सगळे त्यांनी सांगितले. "एवढा डोंगर फोडायचा म्हणजे रोज किती छिन्न्यांना धार लावावी लागली असेल? लोहाराशिवाय एक तरी लेणं झालं असतं का?" हा प्रश्न आमच्या तिन्ही फोनपैकी एकानेही विचारला नव्हता.

कल्याण तिथून किती लांब, हे मुलांनी नकाशावर मोजले. नकाशाच्या ॲपमध्ये दोन ठिकाणांमधले सरळ अंतर मोजता येते. कल्याण पूर्वेला, सुमारे २४ किलोमीटर. लेखांत सोपाऱ्याचेही नाव येते. सोपारा म्हणजे आपले नालासोपारा. ते उत्तरेकडे किंचित पश्चिमेला, सुमारे २६ किलोमीटर. म्हणजे दोन मोठ्या बाजारपेठांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर कान्हेरी. चेमुल, म्हणजे अलिबागजवळचे चौल, दक्षिणेला सत्तर किलोमीटरच्या पुढे. नाशिक सव्वाशेच्या आसपास. या सगळ्या गावांची माणसे इथे दान देऊन गेली आहेत.

ही लेणी रानात एकटी पडलेली आहेत, असे आपल्याला वाटते. नकाशावर रेघा ओढल्या आणि ती रस्त्यांच्या मधोमध आली. आमच्यातली दोन कुटुंबे नालासोपाऱ्याला राहतात, तिघांचे नातेवाईक कल्याणला. ज्या स्टेशनांची नावे पासावर छापलेली असतात, गर्दीत लटकत रोज ज्यांच्यावरून आपण जातो, ती नावे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली निघाली. इतिहासाच्या पुस्तकात हा धडा असता तर मुलांनी पाठ करून विसरून टाकला असता. इथे तो त्यांच्या पायाखाली होता.

पाणी पाहिले बायकांनी

पोढ्या सगळ्यांनीच पाहिल्या, पण बायकांनी वेगळ्या नजरेने. नळाची वेळ सांभाळण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना पाण्याची व्यवस्था आधी दिसते. एका मावशींनी दाखवले, की वरच्या खडकात बारीक पन्हळी कोरून पावसाचे पाणी थेट टाक्याकडे वळवले आहे. आमच्यात गवंडीकाम करणारे एक बंधू होते. त्यांनी फोनमधली पाणसळ काढून पन्हळीच्या काठावर ठेवली. ढाळ सगळा टाक्याकडेच. "हल्लीच्या गच्चीला एवढा ढाळ धरत नाहीत," ते म्हणाले. जवळजवळ प्रत्येक विहाराला टाके आहे. चार महिने पडणारे पाणी बारा महिने पुरवायचे, हा हिशेब त्या लोकांनी डोंगरभर मांडून ठेवला आहे.

फोनचे किती खरे मानावे?

फोनवर मिळते ते सारे खरे नसते, हेही त्याच दिवशी दिसले. लेण्यांची संख्या एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. शंभराहून अधिक आहेत, एवढे मात्र नक्की. कुठे लिहिलेले, की ही पांडवांनी एका रात्रीत कोरली. मुले गोंधळली. आता तर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला फोन मराठीत उत्तरही देतो, आणि चूक असले तरी ठामपणे देतो.

तेव्हा ताईंनी मुलांना तीन प्रश्न लिहून घ्यायला लावले. हे कोण सांगतो? कशावरून सांगतो? इथे उभे राहून ते जुळते का? पांडवांची गोष्ट तिसऱ्या प्रश्नाला टिकली नाही. भिंतीवर देणाऱ्याचे नाव, गाव आणि धंदा कोरलेला असताना ऐकीव गोष्ट कशाला मानायची? काही लेणी अर्धवट सोडलेली आहेत. अगदी पहिलेच लेणे पाहा. तिथे काम कसे वरून खाली, टप्प्याटप्प्याने चालत असे ते उघड दिसते. एका रात्रीचे ते काम नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. ऐकले म्हणून मानू नका, येऊन पाहा, ही शिकवण आपल्याला परकी नाही. फोनच्या बाबतीतही तीच लागू करावी.

जाता जाता नव्वदाव्या लेण्याची गोष्ट. तिथे पहलवी लिपीत लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे आलेल्या पारशी लोकांनी आपली नावे आणि तारीख कोरून ठेवली आहे. हे ऐकल्यावर एका पोराने विचारले, "मग आपण कोरलं तर का ओरडतात?" त्याला दुसऱ्या मुलीनेच उत्तर दिले, "तुझ्या फोटोत तारीख आणि जागा दोन्ही आपोआप लिहिली जातात. भिंत कशाला खराब करतोस?" आम्हाला वेगळे काही सांगावे लागले नाही.

उतरताना झाडांची ओळख करून घेतली. पानाचा आणि फुलाचा फोटो घातला, की झाडाचे नाव सुचवणारी ॲप आहेत. कारवीच्या झुडपाचे नाव असे कळले. या डोंगरात ती आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ साली फुलली होती, २०२४ साली फुलली, आता २०३२ साली फुलेल. पण कारवीच्या काठ्यांचा कूड बांधून त्यावर शेणमाती लिंपली की भिंत होते, हे फोनने नाही, कोकणातल्या आजीबाईंनी सांगितले. मुलांनी वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहिले.

रोजच्या वाटेवर

कान्हेरी वर्षातून एकदा होते. शिकणे मात्र रोज व्हावे लागते, आणि त्यासाठी लांब जायला नको. चर्नी रोड स्टेशनलगतच्या बागेत शाळकरी भीमराव वाचत बसत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली, आणि पुढे १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. किती गाड्या रोज त्या स्टेशनात थांबतात! तिथे उतरून, बाकावर बसून मुलाला ही हकीकत फोनवरून वाचून दाखवायला अर्धा तास पुरतो.

गिरणगावाचेही तसेच. जिथे भोंगे वाजत तिथे आज मॉल आणि टॉवर उभे आहेत. नकाशा दुकानांची नावे दाखवतो. तिथे कोणते खाते होते, पाळी कधी सुटे, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा दारात काय चालले होते, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आपल्या घरात खाटेवर बसून आहेत. त्यांना जमेल तर त्या जागी न्यावे, फोनमध्ये त्यांचा आवाज भरून घ्यावा, जागा आणि तारीख लिहून ठेवावी. जागेवर उभा राहिलेला माणूस घरी बसून आठवत नाही ते आठवतो.

आणि जे आपल्याला ठाऊक आहे ते नकाशावर चढवावे. 'ओपन स्ट्रीट मॅप' हा २००४ साली सुरू झालेला नकाशा लोकांनीच भरलेला आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. दोन्हींत कोणीही भर घालू शकतो. आपले विहार, वाचनालय, बालवाडी, आपल्या चाळीचे खरे नाव नकाशावर नसेल, तर उद्याच्या मुलाला ती जागा मोकळी दिसेल. नद लोहाराने आपले नाव, गाव आणि धंदा दगडावर लिहविला, म्हणून तो आपल्याला भेटला.

एवढी काळजी मात्र घ्यावी. मुलींचे, मुलांचे फोटो आणि घराचा पत्ता जागेच्या खुणेसह कुणालाही पाठवू नये. फोटो पुढे धाडताना जागेची नोंद काढून टाकावी. कान्हेरी सोमवारी बंद असते. पाणी भरपूर न्यावे, फोन आणि खाऊ माकडांपासून सांभाळावा, जंगलात बिबटे आहेत म्हणून अंधाराच्या आत बाहेर पडावे.

आमची पुढची सहल नालासोपाऱ्याला आहे. तिथला स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी खणून काढला. अशोकाच्या आठव्या आदेशाचा तुकडाही सोपाऱ्यालाच सापडला. तिथे राहणाऱ्या आमच्या दोन कुटुंबांनी स्तूप अजून पाहिलेला नव्हता. आता नकाशा उतरवायचे काम त्यांच्या मुलींनी अंगावर घेतले आहे, आणि आजोबांनी कान्हेरीवरून एक प्रश्न आधीच वहीत लिहून दिला आहे : सोपाऱ्याच्या कारागिरांचा माल कोणत्या वाटेने कल्याणला जात असे?